सहीच्या आधी

रेवदंडा
भाद्रपद वद्य पंचमी

चि. बाळास,

तुझा लांबलचक निरोप वाचला. सोबत पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदाही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तुझे सवाल दोन आहेत. पहिला सरळ आहे: पितृपक्ष उलटून घट बसले की अलिबागला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन सही करशील का? (जमीन घेणारी पार्टी मुंबईची, तरी पितृपक्षात व्यवहार नको म्हणते, हे वाचून हसू आलं. पितरांची जमीन घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांच्या पंधरवड्यात नको.) दुसरा सवाल तू जाता जाता विचारल्यासारखा शेवटी टाकला आहेस, पण मला तोच खरा वाटला. सगळं कायद्यात बसतं, कुणाची हरकत नाही, गावात सगळे असंच करतात, तरी मन का खातं?

सहीचं शेवटी सांगते. आधी मनाचं बघू.

तू म्हणतोस, हल्ली लोकलमध्ये येता-जाता तत्त्वज्ञानाची भाषणं ऐकतोस. त्यातून तुला असं पटलं आहे की बरंवाईट समाजच ठरवतो आणि टोचणी म्हणजे लहानपणी अंगात मुरलेलं वळण. वळण मोडलं की टोचणी गेली. मला हे निम्मं मान्य आहे. शाळेत इतकी वर्षं पोरं हाताखालून गेली. ती घरून काय घेऊन येतात आणि पुढे त्यालाच आपला स्वभाव कसं समजतात, हे मी रोज पाहिलं. पण मग तुझं म्हणणं पुरतं लावून धर. टोचणी हे वळण असेल, तर टोचणी नसणं हेही वळणच. गावातल्या ज्यांनी बहिणींच्या सह्या घेतल्या आणि जे निवांत झोपले, त्यांची झोपसुद्धा समाजानेच घडवली आहे. त्यांची झोप खरी आणि तुझं जागरण खोटं, हे कोणी ठरवलं? मनात काय उठतं, यावरून कुठल्याच बाजूने काही सिद्ध होत नाही. तपासावं लागतं.

तपासायचं कसं, तर मी एक साधी गोष्ट बघते. माणूस आपली कारणं कोणत्या क्रमाने सांगतो? तुझ्या निरोपात सगळ्यात आधी गुंठ्याचा भाव आला. मग १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून अलिबागकडचे भाव कसे चढले ते आलं. मग फ्लॅटचा हप्ता, मग घेतलेलं टोकन. तुझ्या बाबांनी आजीचं शेवटपर्यंत केलं, माझं लग्न थाटात लावून दिलं, आत्याला कशाची ददात नाही, हे सगळं त्याच्या खाली. म्हणजे आधी ठरलं आणि मग पटलं. यात तू काही वाईट माणूस ठरत नाहीस. बहुतेकांचं मन असंच चालतं. पण मागाहून गोळा केलेल्या कारणांना न्याय म्हणायची घाई करू नये. ती कारणं उचलून समोरच्याच्या जागी बसावं आणि तिथे ती टिकतात का, ते बघावं.

नुसता उपदेशच हवा असता तर आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. दासबोध शिवथरघळीत सांगितला गेला असं मानतात. इथल्या रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी त्याच दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका १९४३ पासून सुरू केल्या. रोह्याला १९२० मध्ये पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले, पेणजवळच्या गागोद्याला १८९५ मध्ये विनोबा. बैठकीला जाणारी, दारू सुटलेली, घर सावरलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांची कुणी थट्टा केलेली मला खपत नाही. पण सातबाऱ्याचा विषय निघाला की भल्याभल्या माणसांचं निरूपण थांबतं. विनोबांचंच घे. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. त्यांचं जमीनमालकाला सांगणं असं असायचं, की तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. लोकांनी दिलाही. दारी आलेल्या परक्याला मुलगा मानून जमीन देण्याइतका मनाचा मोठेपणा आपल्याकडे होता. त्या मोजणीत पोटच्या पोरी मात्र नव्हत्या.

म्हणून तुला पोथीऐवजी घरातलाच एक कागद दाखवते. गावच्या घरी माळ्यावर पत्र्याची हिरवी ट्रंक आहे, ती उघड. तळाशी कुळकायद्याच्या कलम ३२-ग खालचा हुकूम आहे, तुझ्या पणजोबांच्या नावाचा. जी जमीन तू विकायला काढली आहेस ती आपल्याला कशी मिळाली, हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. तुझे बाबा कमी बोलायचे.

ती खारेपाटातली जमीन. पणजोबा ती कसायचे, पण ती होती खोताची. खाडीचं पाणी अडवायला बांध घालायचा, उधाणाने तो खचला की चिखलाच्या ढेपा लावून पुन्हा उभा करायचा, पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन काढेपर्यंत थांबायचं आणि मग भात लावायचा. एकाच्या हद्दीत खांड पडली तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात, म्हणून बांधाचं काम गावाने मिळून करायचं. एवढं करून पिकाचा वाटा खोताच्या घरी, आणि वर वेठ. कागदोपत्री यात काहीही गैर नव्हतं. कुळाने कबुलायत लिहून दिलेली असायची. खोताच्या अटी मान्य, खाली कुळाचा अंगठा.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा भरली. नारायण नागू पाटील पुढाऱ्यांत होते. पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन यापुढे कसायची नाही. गिरणीतला कामगार संप करतो तेव्हा यंत्र थांबतं आणि मजुरी बुडते. शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे ज्या मातीत आपण पोरासारखा जीव लावला ती स्वतःच्या डोळ्यांदेखत ओसाड पडू द्यायची, आणि वर उपाशी राहायचं. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, सांगायची की डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून बाजारात विकल्या, करवंदं विकली, कंदमुळांवर दिवस काढले. मोळ्या आणायला बायकाच जास्त होत्या. तिच्या बोलण्यात पराक्रमाचा सूर कधीच नसायचा. उलट त्या सालांबद्दल बोलताना ती वैतागायची, कारण घरात तेव्हा लहान पोरं होती आणि पुरुष सभेला जायचे.

१९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला शेतकऱ्यांच्या परिषदेला आले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांच्याशी बोलणी होऊन संप मिटला. त्याच साली पहिला कुळकायदा आला, १९४८ मध्ये दुसरा, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. ट्रंकेतला हुकूम हा त्या सगळ्याचा शेवटचा कागद आहे. पणजोबांनी ठरलेली किंमत हप्त्याने फेडली आणि जमीन नावावर झाली. फक्त पणजोबांच्या नावावर, हेही नजरेखालून घाल. मोळ्या वाहणारीचं नाव त्यावर नाही.

आता खोताच्या जागी बसून बघ. मी त्यांना राक्षस मानत नाही. त्यांच्यातही भले लोक असतील. त्यांच्या बाजूला काय होतं? कुळाने स्वतः लिहून दिलं आहे. वाडवडिलांपासून असंच चालत आलं आहे. अडीनडीला दाणे आम्हीच देतो. सगळे खोत असंच करतात. आता तुझी कारणं शेजारी ठेव. आत्या स्वतः लिहून देणार आहे. गावात असंच चालत आलं आहे. अडीनडीला माहेर आहेच. सगळे भाऊ असंच करतात. मला तुझी तुलना खोताशी करायची नाही, तू माझा लाडका आहेस आणि मी आजारी पडले तेव्हा गाडी घेऊन तूच धावत आला होतास. पण कारणं जर तीच असतील, आणि त्याच कारणांविरुद्ध लढून ही जमीन आपल्या घरात आली असेल, तर निदान ती कारणं या जमिनीबद्दल बोलताना तोंडात येऊ नयेत.

तू म्हणशील, अंगठा भीतीने उठवलेला आणि आत्याची सही प्रेमाची. मान्य. बहिणी प्रेमाने सोडतात. सगळ्याच सह्या दाबून घेतलेल्या असतात असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं हा त्या बायकांचाही अपमान होईल. पण प्रेमाची सही आणि नाइलाजाची सही कागदावर सारखीच दिसते. दोन्हींवर राजीखुशीचा मजकूर असतो. फरक ओळखायची माझी कसोटी अशी, की ती नाही म्हणाली असती तर काय झालं असतं? कूळ नाही म्हणालं असतं तर जमीन गेली असती. बहीण नाही म्हणाली तर गौरी-गणपतीला ती कोणत्या तोंडाने येणार? भाऊबीजेला ताट कुणापुढे धरणार? उद्या सासरी काही झालं तर कुणाच्या दारात उभी राहणार? नकाराची किंमत एवढी असेल, तर होकाराला पुरता होकार म्हणता येत नाही. आणि ही किंमत तू लावलेली नाहीस, हेही मला कळतं. ती आधीच लागलेली आहे. तुझं काम एवढंच, की तिचा फायदा घ्यायचा नाही.

बीना अगरवाल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये दक्षिण आशियातल्या बायका आणि जमीन या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. बहिणी हक्क का सोडतात याचं त्यांनी दिलेलं एक कारण मला खारेपाटात वाढल्यामुळे न वाचताही ठाऊक होतं: भावाचं दार उघडं राहावं म्हणून. एक प्रकारचा विमाच. आपल्या हिश्शाची जमीन देऊन, पुढे कधी तरी लागला तर आसरा मिळेल एवढी आशा विकत घ्यायची. त्याच बाईंनी प्रदीप पांडा यांच्याबरोबर केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पाहणी केली, ती २००५ मध्ये छापून आली. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसल्याचं सांगितलं. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के. हा आकडा वाचल्यावर मी बराच वेळ आपल्या धाकटीचा, तुझ्या बहिणीचा, विचार करत होते. तिचा नवरा सज्जन आहे, मला माहीत आहे. पण सातबाऱ्यावरचं नाव काही फक्त दुर्जनांच्या बायकांसाठी नसतं.

कायद्यावर तू दोनच ओळी लिहिल्यास, तर मीही लांबण लावत नाही. १९५१ च्या सप्टेंबरात आंबेडकरांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं, त्याचं एक मोठं कारण अडवून धरलेलं हिंदू कोड बिल होतं, आणि त्या बिलात सर्वांत जास्त ज्याने पोटात दुखलं ते कलम म्हणजे मुलीला मुलाइतका वाटा. चरीला कुळांसाठी आलेला माणूस तो हाच, एवढं लक्षात ठेव. १९५६ मध्ये वारसा कायदा आला. तो संसदेत आपल्या हरिभाऊ पाटसकरांनी पुढे नेला. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी वारस झाली. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींनाच. देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला. आणि त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगून टाकलं.

मग एवढे कायदे असून माझं नाव कुठे आहे? सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात. माझे वडील गेले तेव्हा वारसनोंद झाली, तुझ्या बाबांचं नाव कब्जेदारात लागलं आणि माझं बाजूच्या रकान्यात. इतकी वर्षं त्याची कुणाला आठवण झाली नाही, मलाही विचारावंसं वाटलं नाही. आता पार्टीच्या वकिलाला झाली. हक्काचा कागद आणि हक्काचा वापर यांत किती अंतर असतं, ते बघायला लांब जायला नको, महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असल्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळं खुलं झालं, कागदावर. पाणी प्यायला कुणी गेलं नाही, कारण जाण्याची किंमत सगळ्यांना माहीत होती. २० मार्च १९२७ ला आंबेडकर पायऱ्या उतरले आणि त्यांच्यामागून लोक उतरले, तेव्हा ठरावाला अर्थ आला. त्याची किंमत लोकांनी त्याच दिवशी डोकी फुटून मोजली. गावाने तळं पंचगव्याने शुद्ध करून घेतलं, नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, खटला उच्च न्यायालयात संपायला १९३७ चा मार्च उजाडला. यात मला सगळ्यात बोचतं ते ठरावानंतरचं स्वस्थ बसणं. ठराव करणारे चांगले लोक होते. त्यांना वाटलं असेल की आपलं काम झालं. तुझ्या बाबांनी माझं नाव 'इतर हक्कात' लागू दिलं तेव्हा त्यांनाही तसंच वाटलं असेल.

आता तुझी बाकीची कारणं भराभर घेते.

लग्नाचा खर्च. माझं लग्न आणि तुझ्या बाबांचं लग्न एकाच अंगणात झालं. दोन्हींचा हिशेब मांडायचा तर मांडू. पण तुझ्या हळदीला जेवढी माणसं जेवली आणि जेवढा बँजो वाजला, त्याचा खर्च कुणी तुझ्या हिश्शातून वळता केला नाही. मुलाच्या लग्नाचा खर्च हौसेचा आणि मुलीच्या लग्नाचा खर्च वाटणीचा, हा हिशेब मी कुठल्याच वर्गाला शिकवला नाही.

आजीची सेवा. हे कारण मला खरंच वजनदार वाटतं, आणि त्याचं मोल वाटणीत धरलं पाहिजे असं माझं मत आहे. कायदा भावंडांना वाटे सारखे देतो, पण घरातल्यांनी मिळून एखाद्याला जास्त द्यायचं ठरवलं तर कायदा आड येत नाही. पण बाळा, सेवा केली कुणी? माझ्या आईचं अंथरूण शेवटची वर्षं कुणी बदललं? तुझ्या आईने. तुझ्या बाबांनी औषधं आणली, डॉक्टर केले, ते मी नाकारत नाही. पण हागणं-मुतणं वहिनीने काढलं. त्या सेवेचं मोल म्हणून जो जादा वाटा द्यायचा, तो तिच्या नावावर का नाही? तुझ्या मसुद्यात तिनेही तुझ्या नावे हक्क सोडायचा आहे. बायकांनी राबायचं, पुण्य घरातल्या पुरुषाच्या खात्यावर जमा, आणि त्या पुण्याच्या जोरावर दुसऱ्या बायकांचा हिस्सा वळता. हे लिहिताना माझा हात जरा जोरात चालला, तो चालू दे.

बांध राखला कुणी? तुझ्या बाबांनी. हे मात्र निखालस त्यांचं. गावाने मिळून करायचं जोळाचं काम मागे पडल्यावर आणि आजूबाजूला खारं पाणी घुसून कांदळ माजल्यावरही आपली शेतं त्यांनी जपली. त्याचंही मोल धर. मी हरकत घेणार नाही.

आत्याला गरज नाही. खरं आहे, माझं निवृत्तिवेतन मला पुरतं. पण गरज नसलेल्याचा हक्क जातो, हा नियम तू तुझ्यासकट सगळ्यांना लावणार असशील तर बोल.

मग करायचं काय? अमेरिकेतल्या जॉन रॉल्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये न्यायावर जाडजूड पुस्तक लिहिलं. तुझ्या त्या भाषणांमध्ये त्याचं नाव येतच असेल. त्याचं सांगणं असं, की समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण म्हणून जन्मणार हे माहीत नसल्यासारखे ठरवावेत. खूप हुशार कल्पना आहे. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या व्हायच्या तेव्हा मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. वाटे पाडणाऱ्याच्या वाट्याला कुठला येईल ते त्याला माहीत नसायचं, म्हणून तो नीट पाडायचा. त्या ओसरीवर बहिणींनाही बसवलं असतं तर आज तुला माझी सही लागलीच नसती. तेवढी एक चटई आपल्याला घालायची आहे.

आणि धाकटीचं. तू लिहितोस, 'ती काहीच बोलली नाही, म्हणजे तिची हरकत नाही.' मी तिला फोन केला नाही, मुद्दामच. तुझ्यामागे तिला पढवलं असं व्हायला नको. पण तिला गुंठ्याचा भाव सांगितलास का? पार्टी किती देते आहे ते सांगितलंस का? मला तर सांगितलंस, कारण मी विचारीन हे तुला ठाऊक होतं. जिला काय सोडते आहे तेच माहीत नाही, तिच्या गप्प बसण्याला तू काय नाव देणार? उद्या ती भाव ऐकूनही म्हणाली की दादा, मला नको, तुलाच राहू दे, तर ते तिचं देणं. मी टाळ्या वाजवीन. पण ते भाव ऐकल्यानंतर, आईसमोर, आणि भाऊबीजेच्या आसपास नाही.

एक मी स्वतःपुरतं सांगते. माझा हिस्सा मी कदाचित तुलाच देईन. कदाचित धाकटीच्या मुलीच्या शिक्षणाला देईन. कदाचित माझ्या आजीने मोळ्या वाहिल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी चार झाडं लावून तशीच ठेवीन आणि तुम्ही मला वेडी म्हणाल. हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि ठरवायला मला मजा येते आहे, हे तुला मोकळेपणाने सांगते. या वयात असं काही ठरवायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण त्यासाठी आधी तो माझ्या नावावर यावा लागेल. जे कधी हातातच आलं नाही, ते दिलं कसं म्हणायचं?

तेव्हा आता सहीचं. तू पाठवलेल्या मसुद्यावर मी सही करणार नाही. घट बसल्यावरही नाही, दसऱ्यालाही नाही. त्याऐवजी येत्या रविवारी इकडे ये. वहिनीला आण, धाकटीला आण. ट्रंकेतला हुकूम, चालू सातबारा, वारसनोंदीचा फेरफार आणि पार्टीने देऊ केलेला भाव एका कागदावर लिहून आण. एजंटला आणू नकोस. विकायची की नाही हे चौघं मिळून ठरवू. कुळकायद्याची जमीन असल्याने नजराण्याचं काय ते वकिलाला विचारून ठेव. वाटे तू पाड. आधी धाकटी उचलेल, मग वहिनी, मग मी, शेवटी तू. ठरलं की वाटणीपत्र नोंदवू, नाही तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करू. तिथले कागद मी तयार करून देते.

पार्टीला कळव की आणखी तीन नावांशी बोलावं लागेल. थांबायचं नसेल तर टोकन परत करून टाक. रक्कम कमी पडत असेल तर मला सांग, तेवढी माझ्याकडे आहे.

तुझी
आत्या